उलटे फिरलेले पंखे

गाडीच्या रेडिएटरचे दोन्ही पंखे मी उलटे जोडले. घाईत नाही, एक अख्खी दुपार खर्चून, शांतपणे.

झालं होतं असं, की सोलापुरात सिग्नलला गाडी उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढायचा आणि पंखे ढिम्म हलायचे नाहीत. फ्यूज बघितला, ठीक होता. पंख्यांना थेट बॅटरीवरून वायर दिली तर दोन्ही भर्रकन फिरले, म्हणजे मोटरी शाबूत. मग पंख्यांना वीज सोडणारा रिले उपसला. त्याच्या खालचं सॉकेट वितळून चघळलेल्या सुपारीसारखं झालं होतं, आणि पुढच्या वायरी तापून इतक्या कडक झालेल्या, की वाकवल्या की सालपट निघायचं. इथवरचा शोध माझा होता आणि तो बरोबर होता. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं सांगण्यासारखं तसलं काही नाही.

घरातले पंखे मीच दुरुस्त करतो. छताच्या पंख्याला येणाऱ्या दोन वायरी कशाही जोडा, तो फिरायचा तसाच फिरतो. या अनुभवाच्या जोरावर मी गाडीच्या पंख्यांचे वितळलेले प्लग कापून टाकले, नवा रिले बसवला आणि घराच्या फिटिंगमधून उरलेली लाल वायर सगळीकडं ओढली. सगळी टोकं लाल. बॅटरीवरच्या मोटरला अधिक-उणे उलटं झालं तर ती उलटी फिरते, हे मला शाळेपासून माहीत होतं. त्या दुपारी तेवढं आठवलं नाही. पंखे फिरल्यावर बायकोला बोलावून दाखवले.

"बरोबर फिरतायत ना?" तिनं विचारलं.

"फिरतायत म्हणजे बरोबरच," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मैंदर्गीला आत्याला आणायला गेलो. तिला मोतीबिंदूमुळं माणसं आता आवाजावरूनच ओळखू यायची, पण ऑपरेशनचं नाव काढलं की ज्वारीची काढणी निघायची, नाहीतर म्हैस व्यायला व्हायची. अशी दोन वर्षं गेली होती. शेवटी एकदा ती बोलून गेली, "भाचा गाडी घिऊन आला तर येते," आणि त्यात सापडली. बाराच्या आत सोलापुरात डॉक्टरांकडं पोचायचं होतं. हा दिवस हुकला तर ती पुन्हा हाताला लागणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

जाताना रस्ता मोकळा होता, समोरच्या वाऱ्यावरच इंजिन गार राहिलं. येताना अक्कलकोटात गुरुवारची गर्दी लागली. तिच्यातून बाहेर पडेस्तोवर काटा तांबड्या पट्टीला टेकला. एका एसटी थांब्याजवळ गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं, इंजिन बंद केलं, आणि पंखे फिरत राहावेत म्हणून किल्ली तेवढी चालू ठेवली.

"बंद पडली व्हय?" आत्याच्या आवाजात काळजीपेक्षा आनंद जास्त होता. "आता मैंदर्गीची येष्टी आली की मी बसते. देवाच्याच मनात न्हाय, तिथं तू तरी काय करणार?"

पिशवी घेऊन ती उतरली, गाडीच्या पुढून रस्त्याकडं निघाली आणि मध्येच थबकली.

"अरे, हितनं फुफाटा येतोय की तोंडावर."

"इंजिन तापलंय आत्या. गरम लागणारच."

"गरम लागतंय ते येगळं आनि वारं येतंय ते येगळं. उभा जलम ज्वारी उफणली मी. वारं कुटनं कुटं जातंय ते मला शिकवू नको. तुज्या पंख्यानं वारं आत घ्यायचं, का भाईर टाकायचं?"

मी गाडीच्या पुढं येऊन रेडिएटरच्या जाळीशी वाकलो.

तिच्या पिशवीतल्या भाकरीचा कागद काढून जाळीसमोर धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता. तो उडून माझ्या नाकावर बसला.

किल्ली काढली, टेप सोडली, पिळलेले जोड उलगडले, बोटं भाजून घेतली, आणि दोन्ही पंख्यांच्या वायरींची अदलाबदल केली. एवढ्यात मैंदर्गीची एसटी दिसली. इंजिनाचा आवाज ऐकून आत्या पिशवी सावरत पुढं सरकली. मी किल्ली फिरवली आणि कागद तिच्याच हातात दिला.

"जाळीपुढं धर. एकदाच."

तिनं धरला. कागद तिच्या बोटांतून निसटला आणि चप्पकन जाळीला बसला. तिनं चाचपून बघितलं.

"अय्यो, वढतंय की!"

एसटी हळू झाली, कुणी हात करीना म्हणून निघून गेली. आत्याचं तिकडं लक्षच नव्हतं.

"डोळं माजं गेल्यात, आनि दिसंना तुला," असं म्हणत ती स्वतःच्या हातानं दार उघडून पुढच्या सीटवर बसली. काटा उतरल्यावर निघालो. सोलापूर येईपर्यंत तिनं मला ही हकीकत तीनदा सांगितली, जणू मी तिथं नव्हतोच.

बाराला दहा मिनिटं कमी असताना पोचलो. तपासण्या होऊन दुपारी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. निघताना नर्सबाई औषधाची बाटली घेऊन आल्या. पट्टी काढल्यावर डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते.

"घरी कोण घालणार?" त्यांनी विचारलं.

मी हात पुढं केला. पट्टीखालच्या डोळ्यासकट आत्यानं मान माझ्याकडं वळवली.

"त्येच्याकडं दिऊ नका बाई. कानात घालंल."