घरासाठी स्टुडंट

मंगळवार पेठेत आमचं चित्रकलेच्या सामानाचं दुकान आहे. तिथं तीस वर्षं बसून माझी जीभ जरा तिखट झाली आहे, हे आधीच सांगते. ऑइल कलरच्या ट्यूब दोन प्रतीच्या मिळतात, आर्टिस्ट आणि स्टुडंट. स्टुडंटमध्ये रंग कमी, भर जास्त. त्यातला लाल आणि गुलाबी तर उन्हाला टिकतच नाही. शिकणाऱ्या पोरांना चालतं. केरबामामांना हे ठाऊक नव्हतं असं नाही, आणि माझा सगळा राग तिथंच आहे.

मामा उचगावचे. फोटोवरून माणसांची मोठी चित्रं काढून द्यायची, हाच धंदा. बहुतेक चित्रं गेलेल्या माणसांची. गडहिंग्लजहून लोक एसटीनं फोटो घेऊन यायचे. गिऱ्हाइकाच्या घरचं माणूस भिंतीवर फिकं पडलं तर आपल्या हाताला कलंक, असं ते म्हणायचे. धंद्यासाठी कधी आर्टिस्टच्या खाली उतरले नाहीत.

बावीस वर्षांमागं एकदा त्यांनी स्टुडंट मागितलं. कुठल्या शाळेसाठी, म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, बायकोचं चित्र काढायचंय. मग मी सोडते होय? लोकांच्या मेलेल्या माणसांना चांगला रंग आणि घरच्या जित्या बाईला हलका, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं तोंडावर सुनावलं. ते हसले. घरचंच हाय, कवाबी दुसरं काढता येतंय, म्हणाले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांची बायको चिमणाबाई आठ दुपारी घराच्या पुढच्या सोप्यात तांदूळ निवडत बसल्या आणि मामांनी त्यांना रंगवलं. समोर माणूस बसवून काढलेलं मामांचं ते एकच चित्र. दुसरं काही निघालं नाही. गिऱ्हाइकं कुठं संपतात?

यंदा मार्चमध्ये चिमणाबाई गेल्या. तेराव्याला दोन दिवस असताना मामा चादरीत गुंडाळलेलं ते चित्र घेऊन दुकानात आले. चादर काढली. लुगड्याचा हिरवा जसाच्या तसा. सुपातले तांदूळही तसेच. पण गालांची राख झालेली, ओठ गेलेले आणि कपाळावर कुंकू नाही. बाई सवाष्ण गेली आणि चित्रात कपाळ पांढरं. हे लावायचं नाही, त्यापेक्षा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणू, असं त्यांच्या लेकीनं, निशिगंधानं, सांगितलं होतं.

इतक्या वर्षांत तुम्हाला दिसलं कसं नाही, असं मी विचारलं. मामांचा आवाज मोजून दिल्यासारखा होता.

"रोज खरीच समोर वावरत हुती, ताई. भिंतीकडं कोण बघतंय?"

मी आर्टिस्टमधली लाल ट्यूब काढून पुढं ठेवली. वाटलं तर नवा कॅनव्हास घ्या, यावरून दुसरं काढा, असं मी म्हणाले. मामांनी नाही म्हणून मान हलवली. फोटोवरून लोकांची काढली, हिचं समोर बसल्याबिगर जमायचं न्हाय, म्हणाले. मग ती ट्यूब त्यांनी बोटानं माझ्याकडं सरकवली आणि स्टुडंटमधला लाल मागितला.

मी भडकलेच. अजून अक्कल आली नाही का, आता तरी तिला चांगलं द्या, काय काय बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

"ताई, तोंड समदं हलक्या रंगातलं हाय. त्ये आणखी जाणारच. चांगला लाल लावला तर तोंड जाईल आन् कुंकू तेवढं भिंतीवर ऱ्हाईल. त्यापरास दोन्ही संगंच जाऊ देत."

मी ट्यूब कागदात गुंडाळून दिली. वाईट वाटायला हवं होतं, तेही लगेच वाटलं नाही. नुसता हात चालत होता.

तेराव्याला उचगावला गेले. सोप्यात चित्र होतं, हार होता, कपाळावर ठसठशीत कुंकू होतं. निशिगंधानं फोटोचा विषय काढला नाही. मामा पंगतीत बसून पानातलं सगळं जेवले, भात मागून घेतला, हात धुऊन परत सोप्यात आले. लोक निघाले, भांडी घासून झाली, तरी ते भिंतीसमोर खुर्ची टाकून चित्राकडं बघत बसले होते.