नारळावर मिटवलेलं प्रकरण

आमच्या गावकीच्या पाच मानकऱ्यांनी मला फसवलं, आणि मी माझ्या धाकट्या बहिणीला. दोन्ही गोष्टी एकाच दुपारी, एकाच देवळात झाल्या. माझी फसवणूक कळायला मला सात वर्षं लागली. तिची तिला त्याच दिवशी कळली होती.

मी काजूचा धंदा करते. वडील गेले तेव्हा मी अठरा वर्षांची होते, ती सहा. संगमेश्वरला महामार्गाच्या कडेला टोपली घेऊन बसले, ओले काजूगर विकले. आज माझी स्वतःची शेड आहे आणि तिथे बारा बायका बी फोडतात. बी घेताना मी मूठभर पाण्यात टाकून बघते. तरंगते ती पोकळ. माझ्याशी भावाची घासाघीस करायला मोठमोठे व्यापारी कंटाळतात. डोकंही लवकर तापतं. हे सगळं सांगते ते एवढ्यासाठी, की मला कोणी भोळी समजू नये. भोळी असते तर निदान सांगायला कारण तरी असतं.

गावाच्या वरच्या अंगाला मठ आहे. तिथे बाहेरून आलेले एक महाराज होते. ते पोरांना भजन आणि पेटी शिकवायचे. बहिणीला तिथे मीच पाठवलं. माझ्यासारखे काजूच्या टरफलातल्या डिंकाने काळे झालेले हात तिचे होऊ नयेत, चार सुरांची ओळख व्हावी, एवढाच विचार. ती पंधरा वर्षांची असताना एक दिवस म्हणाली, "मी मठात जाणार नाही." मी ओरडले. तेव्हा तिने तीन वाक्यांत सांगितलं, मंत्र द्यायचा म्हणून आतल्या खोलीत नेऊन महाराजांनी काय केलं आणि किती वेळा केलं ते. ती तीन वाक्यं मी इथे लिहिणार नाही. ती तिची आहेत.

मी कोयती उचलली आणि चढण चढायला लागले. वाटेत गावकीच्या अध्यक्षांनी अडवलं आणि कारण काढून घेतलं. नात्याने ते माझे चुलतकाका. म्हणाले, "अगो बाय, कोयती खाली ठेव. उद्या देवळात बैठक लावतो. तूपण बस."

आमच्या गावकीच्या बैठकीत बाई कधी बसली नव्हती. बायका बाहेर, पिंपळाच्या पारावर. दुसऱ्या दिवशी मात्र मानकऱ्यांच्या शेजारी माझ्यासाठी सतरंजी घातलेली होती. मी तिच्यावर बसले आणि तिथेच माझा घात झाला, कारण बसल्याबरोबर मी माणसाऐवजी व्यापारी झाले. बहीण पारावर आईशेजारी बसून होती. तिला आत कोणी बोलावलं नाही. मीही नाही.

दोन तास बोलणी चालली. ते म्हणाले, पोलिसांत गेलात तर पोरीचं नाव तालुकाभर होईल. मी म्हटलं, मग माझ्या अटी ऐका. महाराजांनी आठ दिवसांत गाव सोडायचं. पुन्हा कुठेही पोरांजवळ त्यांना ठेवायचं नाही. पोरीबद्दल गावात कोणी चकार शब्द काढायचा नाही. आणि शिमग्याला देवीची पालखी आमच्या दारात दरवर्षीसारखी नाचली पाहिजे. एकेक अट त्यांनी कुरकुरत मान्य केली. अध्यक्षांनी देवीसमोर नारळ ठेवला, पाचही जणांनी त्यावर हात ठेवले, मग मी ठेवला. बदल्यात मी एकच गोष्ट दिली होती, पोलिसांत न जाण्याची. मला वाटलं, चार घेतल्या आणि एक दिली.

महाराज आठव्या दिवशी गेले. शिमग्यात पालखी आली, ढोल वाजले, अंगणात अर्धा तास नाचली. मी ओटी भरली. मागे वळून बघते तर बहीण आतल्या खोलीत जाऊन दाराला कडी लावून बसलेली. मला राग आला. एवढं करून दिलं हिच्यासाठी, आणि हिला त्याचं काही नाही, असं मी आईला म्हटलं. ते वाक्य आठवलं की आजही माझे कान तापतात.

यंदा एप्रिलमध्ये मी बी घ्यायला सावर्ड्याकडे गेले होते. रस्त्याच्या कडेला नवाकोरा फ्लेक्स लावलेला. मे महिन्याच्या सुट्टीत मुलामुलींसाठी निवासी संस्कार शिबिर. मधोमध तेच महाराज, तीच भगवी शाल, दाढी थोडी पांढरी. खाली शुभेच्छुकांचे फोटो, आणि त्यात तिसरा फोटो माझ्या चुलतकाकांचा. हात जोडलेले, खाली आमच्या गावाचं नाव.

मी टेम्पो थांबवला. शिबिर भरवणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात गेले. माझा पुतण्या पाठवायचा आहे, महाराजांची चौकशी करते, असं खोटंच सांगितलं. तिथल्या गृहस्थांनी मोठ्या अभिमानाने एक पत्र दाखवलं. आमच्या गावकीचं, शिक्क्यासह. महाराजांचं चारित्र्य निष्कलंक असून मुलांवर त्यांनी उत्तम संस्कार केले, अशा अर्थाचं. खाली तारीख होती. नारळावर हात ठेवल्याला तेव्हा पुरता महिनाही झाला नव्हता.

बहीण आता रत्नागिरीत एका लॅबमध्ये काम करते. तिथूनच तिला फोन केला. सगळं सांगितलं, काकांना शिव्या घातल्या, म्हटलं, यांनी मला फसवलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, नारळावर हात ठेवायच्या आधी तू मला विचारलं होतंस?"

मी टेम्पोच्या पायरीवर बसले. तिनेच पुढे विचारलं,

"शिबिर कधी आहे?"

"तीन आठवड्यांनी."

"मग मी बोलेन. पण मी बोलेन. माझ्या वतीने तू नाही."

तिनेच वकील शोधली. जिल्हा न्यायालयात विधी सेवेचं कार्यालय आहे, तिथून फी न घेता वकील मिळतो, हे तिला ठाऊक होतं. मला नव्हतं. वकीलबाई वयाने माझ्याहून लहान, समोर चहा गार होत होता. त्यांनी आधी सगळं बहिणीच्या तोंडून ऐकलं. मी मध्ये बोलायला गेले की नुसता हात वर करायच्या.

मग म्हणाल्या, "उशीर झाला असं अजिबात समजू नका. एवढ्या गंभीर गुन्ह्याला तक्रारीची मुदत नसते. त्या वेळी तुम्ही अल्पवयीन होतात, म्हणून पॉक्सो कायदा लागतो. आज वय कितीही असो. तक्रार इथे रत्नागिरीतही घ्यावी लागते, मग ते ती तिकडच्या ठाण्याकडे पाठवतील. जबाब महिला अधिकारी घेतील, नंतर दंडाधिकाऱ्यांसमोर एकदा. तुमचं नाव छापायला कायद्याने बंदी आहे."

मी विचारलं, "आणि गावकीत मिटवलेलं?"

"शून्य. असा गुन्हा मिटवता येत नाही. उलट, ज्याला ज्याला कळलं आणि ज्याने पोलिसांना कळवलं नाही, त्याचाही गुन्हाच."

"म्हणजे हे पाचही जण अडकले!" मी टेबलावर हात आपटला.

"पाच नाही," वकीलबाई म्हणाल्या. "सहा."

मला समजायला एक क्षण लागला. बहीण मात्र हसली. कितीतरी वर्षांनी तिला तशी हसताना बघत होते. म्हणाली, "बघा मॅडम, आमच्या ताईने आयुष्यात एकदाच माल न पारखता घेतला."

वकीलबाईंनी समजावलं, की न कळवल्याची शिक्षा छोटी आहे, आणि इतक्या वर्षांनी ती लागेल का ते कोर्ट ठरवेल. पण माझा भाग मी जबाबात लपवला, तर समोरचा वकील पहिल्यांदा तोच उकरून काढेल आणि बहिणीला खोटी ठरवेल. खरं सांगितलं तर बैठक झाली होती याची साक्षीदार मीच. म्हणाल्या, "घरी जा, विचार करा."

विचार कसला करायचा होता? पण तोवर बातमी कुठून तरी फुटली आणि तिसऱ्या दिवशी काका शेडवर हजर झाले. बायका बी फोडायच्या थांबल्या.

"बाय, झाला ता झाला," काका म्हणाले. "माणूस आता म्हातारा झालाय. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाचंपण म्हणणं हेच आहे."

"पत्र कोणी दिलं?"

"तू आता व्यापारीण, तुला समजायला हवं. नारळावर तुझाही हात आहे."

"आहे. पत्र कोणी दिलं?"

"शिमग्याला पालखी तुझ्या दारात येईल की नाही, मी कसं सांगू?"

मी टोपलीतली मूठभर बी उचलली होती, फेकणार होते. फेकली नाही. म्हटलं, "काका, एवढं लिहून द्या. गावाने वाळीत टाकणं हाही आता गुन्हा आहे. वकीलबाईंनी तेही सांगितलंय. सही करा, लगेच तक्रारीला जोडते."

काकांनी चपला घातल्या. कोपऱ्यातून एक बाई म्हणाली, "काकांनू, चाय घेऊन जावा." बाकीच्या तोंडाला पदर लावून हसल्या.

बहिणीने तक्रार दिली. चार तास ती आत होती, मी बाहेर बाकावर. माझा जबाब दुसऱ्या दिवशी झाला. हवालदार लिहिता लिहिता थांबले. "ताई, तुम्ही नारळावर हात ठेवला, हे लिहायलाच हवं का?" म्हटलं, लिहा. सतरंजीवर बसले होते, तेही लिहा. तिला विचारलं नाही, तेही लिहा.

शिबिर रद्द झालंय. महाराजांची चौकशी सुरू आहे. खटला किती वर्षं चालेल ते वकीलबाईही सांगत नाहीत. जितकी चालेल तितकी वर्षं बहीण उभी राहणार आहे, आणि मी तिच्या मागे, तिने बोलावलं तर पुढे.

माझ्या चुकीखाली मी सही केली आहे. आता उरलेल्या पाच जणांनी करावी. अध्यक्षकाका, माझ्या बहिणीबरोबर काय झालं ते तुम्ही देवळात माझ्याच तोंडून ऐकलं होतंत. महिना व्हायच्या आत, दुसऱ्यांच्या पोरी त्या माणसाच्या हवाली करणारं पत्र तुम्ही कोणाच्या सांगण्यावरून लिहिलंत? देवळात नको, शेडवर नको. पोलीस ठाण्यात या आणि माझ्या बहिणीसमोर सांगा.