उलट्या वायरींवर प्रकाशापर्यंत

भूतखेत, अंगात येणं, देवीचा कौल... यातलं मी कधीच काही मानलं नाही. शहादा तालुक्यात ट्रॅक्टर दुरुस्त करतो. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि ते सापडतंच — असं मी छातीठोकपणे सांगायचो.

आमचं गाव तापीकाठच्या प्रकाशा गावाच्या अलीकडे. अंगणात वडिलांचा, म्हणजे आबांचा, जुना पेट्रोल ट्रक उभा. मिलिटरीच्या लिलावातला, सहा सिलिंडरचा. आबा वारल्यापासून तो हललाच नव्हता. मोठ्या भावाने भंगारवाल्याला बोलावलं, तशी आई अडून बसली. आबांच्या शेजारी बसून तिने याच ट्रकमधून अर्धा खान्देश पाहिलेला.

"यंदानी कानबाई याच गाडीमा तापीवर जाई. मंग इकनी व्हई ते इका!"

कानबाई म्हणजे आमच्या खान्देशात श्रावणात बसवतात ती देवी. भावाने अट घातली — तिला विसर्जनाला नेऊन गाडी धडपणे परत आली तर ट्रक राहील, नाहीतर भंगारात.

मी कामाला लागलो. आता गंमत अशी, की माझा जन्म गेला डिझेलमध्ये. तिथे ना स्पार्क प्लग, ना त्यांच्या वायरी. साफ करायला म्हणून सगळ्या वायरी एकदम उपटल्या... खूण न करता! शहाद्याच्या मामांना फोन केला. जुने पेट्रोलवाले. त्यांनी क्रम सांगितला: एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. तशा जोडल्या, स्टार्टरचा सेल मारला, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू. आईचा चेहरा काय फुलला म्हणून सांगू!

श्रावणातल्या त्या सोमवारी सकाळी आई केबिनमध्ये, मागे कानबाई, भाऊबंद आणि गाणी म्हणणाऱ्या बायका. तापीवर विसर्जन करून परत आलो. वाटेत गाडीने एकदाही ठसका दिला नाही.

दुपारी मामा जेवायला आले. बॉनेट उघडलं आणि बघतच राहिले.

"भाचा, हाई काय करेल शे तू?"

ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा रोटर ज्या दिशेने फिरतो, त्याच्या बरोब्बर उलट दिशेने मी वायरी लावल्या होत्या. सहापैकी दोनच जागेवर!

"या वायरींवर गाडी चालूच व्हनार नही."

"मामा, गयी ना. नि परत उनी बी."

त्यांनी सेल मारला. धाड! सायलेन्सरमधून असा बार निघाला की कोंबड्या सैरावैरा पळाल्या. इंजिन काही सुरू होईना. वायरी सरळ लावल्या, लगेच चालू. नंतर मी हट्टाने पुन्हा उलट्या लावून पाहिल्या... नुसते फटाके.

मधे कुणी बदलल्या असतील म्हणाल, तर निघण्याआधी काढलेला उघड्या बॉनेटचा फोटो मोबाइलमध्ये आहे. त्यातही उलट्याच.

भावाने भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. मी मात्र अजून डोकं खाजवतोय. कुणा जाणकाराला कारण माहीत असेल तर सांगा, मला तरी सापडलेलं नाही. आईला त्यात रसच नाही.

"पोचनूत ना आपन? मंग! आते तोरणमाळले कव्हय लई जास?"

नेणार आहे. फक्त तोरणमाळचा घाट... सरळ वायरींवर गाडी तो चढेल ना, हीच आता मला धाकधूक आहे.