धाकटीच्या घरातली घरफोडी

सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या ताईला सगळी गल्ली पाठीमागे 'टाचणी' म्हणायची. अंगाने किरकोळ, बोलणं टोचणारं. गिऱ्हाइकाने भडक कापड आणलं की ती ते मेलेल्या उंदरासारखं चिमटीत धरायची आणि विचारायची, "हे विकत घेतलंत, की कुणी अंगावर टाकून पळालं?" तरी लोक तिच्याकडेच यायचे, कारण तिच्या शिवणीला नाव ठेवायला जागा नसायची.

अशा बाईवर घरफोडी आणि जाळपोळीचा गुन्हा दाखल झाला, तोही सख्ख्या बहिणीच्या घरी.

त्याचं असं झालं. आई गेल्यावर तिची आरामखुर्ची धाकटीकडे गेली. ताईला ती हवी होती, पण तोंडाने मागेल तर ती ताई कसली? तिने अबोला धरला. शेवटी एका दुपारी तिलाच राहवेना, म्हणून फळांची पिशवी घेऊन ती धाकटीकडे गेली. दाराला कुलूप. ताई खिडकीतून डोकावली मात्र, तळपायाची आग मस्तकात गेली. आईच्या खुर्चीवर वाघाच्या पट्ट्यांचं चकचकीत कापड!

खिडकी नुसती लोटलेली होती. ताई आत शिरली. कात्री तिच्या पर्समध्ये असायचीच. तिने कापड उसवलं. खाली, खुर्चीच्या हातावरचं जुनं कापड फाटलेलं दिसलं. हेही हिचेच प्रताप, असं म्हणत तिने वाघाला मागच्या अंगणात नेलं, बादलीत कोंबलं आणि काडी लावली. त्या कापडात काय भरलं होतं देव जाणे. ज्वाळा अशी उसळली की शेजारच्या अडगळीच्या खोलीचं लाकडी दार पेटलं. समोरच्या शेजारणीने आधी बंबवाल्यांना बोलावलं, मग पोलिसांना. धाकटी घरी आली तेव्हा दाराचा कोळसा झाला होता. रागाच्या भरात तिने तक्रारीवर सही ठोकली.

ताईच्या वकीलबाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी समजावलं, "घरफोडीला नुसतं आत शिरणं पुरत नाही. परवानगीशिवाय शिरायला हवं, आणि शिरतानाच मनात गुन्ह्याचा हेतू हवा. खिडकीत पाय टाकलात, तेव्हा तुमच्या मनात काय होतं?"

"कात्री."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. "हे कोर्टात बोलू नका. आता जाळपोळ. तिथे खोली पेटवायचा हेतू हवा, निदान ती पेटेल याची जाणीव तरी हवी. तुम्हाला खोली जाळायची होती?"

"खोलीने माझं काय घोडं मारलंय?"

"हे मात्र जरूर बोला."

कोर्टात सरकारी वकिलांनी धाकटीला साक्षीसाठी उभं केलं. "आरोपीला तुमच्या घरात यायची परवानगी नव्हती, बरोबर?"

धाकटी ताठ झाली. "म्हणजे काय? सख्ख्या बहिणीला दार बंद करणारी वाटले का मी तुम्हाला? ती कधीही येऊ शकते."

"खिडकीतून?"

"लहानपणापासून ती खिडकीतूनच येते. दाराची तिला सवयच नाही."

घरफोडी तिथेच गळून पडली. सरकारी वकिलांनी घाम पुसला. "बरं, आग तरी तिने मुद्दाम लावली ना?"

"हिने? अहो, हिला साधी शेगडी पेटवता येत नाही! अर्धी काडेपेटी संपते. ही कसली खोली पेटवतेय!"

ताई ताडकन उभी राहिली. "काय म्हणालीस? एका काडीत पेटवलं मी!"

वकीलबाईंनी तिचा हात ओढला, पण उशीर झाला होता. न्यायाधीशांनी चष्मा काढला. "काय पेटवलंत?"

"कापड, साहेब."

"आणि खोली?"

ताईचा आवाज उतरला. "ती आपली आपणच पेटली. मी विझवायला धावले हो, पण घरातली एकुलती बादली तर आगीत होती."

शिपायाला खोकल्याची उबळ आली. न्यायाधीश बराच वेळ कागदांत मान घालून बसले. मोठे दोन्ही आरोप टिकले नाहीत. उरलं ते कापडाचं आणि दाराचं नुकसान. ते आपसांत मिटवा म्हणून त्यांनी बहिणींना बाहेर पाठवलं.

बाहेरच्या बाकावर दोघी दोन टोकांना बसल्या.

"कापड खरंच इतकं वाईट होतं?" धाकटीने विचारलं.

"फार."

"आईचा हात असायचा ना, तिथेच विरलं होतं गं ते. रोज दिसायचं. बघवेना म्हणून मिळेल ते घातलं वरून."

ताई तिच्याकडे वळली. "मला का नाही सांगितलंस?"

"तू आधी तासभर बोलली असतीस."

"अर्धा तास," ताई म्हणाली आणि बाकावर थोडी सरकली.

पुढच्या आठवड्यात ताईने धाकटीच्या घरी बसून खुर्चीला साधं करड्या रंगाचं कव्हर शिवलं. विरलेलं कापड तिने काढलं नाही, तसंच आत ठेवलं. कव्हर चढल्यावर धाकटीचा नवरा कौतुकाने खुर्चीत टेकायला गेला, आणि दोघी एकदमच त्याच्यावर ओरडल्या.