झाकणाच्या आत सतरा अक्षरं

आदिलाबादच्या अर्ध्या स्वयंपाकघरांत माझं अक्षर आहे. हे मी बढाई म्हणून सांगत नाही असं म्हणायची पद्धत आहे, पण मी बढाई म्हणूनच सांगते. आमचं भांड्यांचं दुकान आहे. लग्न असो, वास्तुशांती असो की तेरवी, आमच्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव घालून मिळतं, आणि ते फुकट मिळतं. फुकट असल्यामुळे लोक भांड्यावर कुळाचा इतिहास लिहायला सांगतात.

आधी हे काम सासरे करायचे. मी त्यांना मामाजी म्हणते. त्यांच्या काळात छिन्नी आणि हातोडी होती, टिंबाला टिंब जोडून अक्षर उठायचं. मग विजेचं मशीन आलं, पेनासारखं हातात धरायचं आणि भुंग्यासारखं गुणगुणणारं. त्याच सुमारास मामाजींचा हात थरथरायला लागला. नवऱ्याने दोन दिवस प्रयत्न केला. त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीने उकिरडा उकरावा तसं. एका तेलुगू लग्नाचे शंभरेक पेले पडून होते आणि नवरीचा बाप दुकानात उभा राहून घाम पुसत होता. मी म्हटलं, आणा इकडे. मराठी शाळेत शिकले असले तरी तेलुगू वाचता-लिहिता येत होतं, आणि तेलुगूची गोल वळणं त्या मशीनला मराठीपेक्षाही मानवतात. त्या संध्याकाळपर्यंत पेले झाले. सून दुकानात बसून भांड्यांवर नावं कोरते म्हणून बाजारात चार दिवस कुजबुज झाली. पाचव्या दिवशी कुजबुजणारेच भांडी घेऊन आले.

या कामाने मला एक गोष्ट शिकवली, ती म्हणजे काटछाट. डब्याच्या पोटावर जागा असते टीचभर. गिऱ्हाईक चिठ्ठी आणतं हातभर. मी ती चिठ्ठी समोर धरते आणि तोडत जाते. ‘यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट’ याचं ‘सप्रेम’ होतं. मग कोणी म्हणतं, अहो काकाचं नाव राहिलं. मी म्हणते, काकाला वेगळं ताट घ्यायला सांगा. मी तशी तापट आहे, पण गिऱ्हाईक तुटत नाही, कारण अक्षर चांगलं आहे.

एकदा एक निवृत्त मराठीचे सर तांब्या घेऊन आले. चांगला चार ओळींचा मजकूर होता. मी तो चार शब्दांवर आणला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, परत वाचला आणि म्हणाले, “बाई, तुम्ही हायकू का लिहीत नाही?” मला वाटलं, एखाद्या मिक्सरच्या कंपनीचं नाव असेल. सरांनी तिथेच स्टुलावर बसून समजावलं. जपानमधली कविता आहे, तीनच ओळींची. पहिलीत पाच अक्षरं, दुसरीत सात, तिसरीत पाच. ऋतू असावा, डोळ्यांपुढे काहीतरी दिसावं, आणि उपदेश नसावा. मी म्हटलं, “सर, अक्षरं मोजायची म्हणजे हा तर माझा रोजचा धंदा झाला.”

तेव्हापासून मी लिहायला लागले. डिनरसेटची खोकी रिकामी झाली की त्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहायचे. पहिली कविता अजून पाठ आहे, कारण तिच्यामुळे माझी फजिती झाली.

चेरी फुलली
बर्फाच्या डोंगरात
एकटा पक्षी

ही मी सगळ्यात आधी मायला ऐकवली. माय म्हणजे माझी आई. गावाच्या कडेला आमचा मळा होता, भाऊ अजून तो करतो. माय रोज पहाटे भाजी घेऊन बाजारात बसायची आणि उन्हं वर आली की चहाला माझ्या दुकानाच्या पायरीवर यायची. येताना भाजीवर ओलं फडकं झाकून यायची. आमच्या भाजीबाजारात हा अलिखित कायदा आहे. ओलं फडकं झाकलेलं असलं म्हणजे बाई इथेच कुठेतरी गेली आहे, येते आहे. मग त्या ढिगाला कोणी हात लावत नाही, गिऱ्हाईकही थांबतं. शेजारी वांगी विकणारी मावशी लक्ष ठेवायची.

मायला वाचता येत नव्हतं, म्हणून मी मोठ्याने वाचली. ती बशीतला चहा फुंकत ऐकत होती.

“बरफ कुठं पाह्यला तुनं?” तिने विचारलं.

मी पुठ्ठा उलटा करून ठेवला.

“रसवंतीवाल्याच्या पेटीत पाह्यला आसंन. अन् चेरी? ती पानात घालतेत, लाल लाल, ती काय?”

आत बसलेले मामाजी खोकल्याच्या निमित्ताने हसले. मला इतका राग आला की मी तो पुठ्ठा फाडला. रात्रीपर्यंत धुसफुसले. पण माय काही खोटं बोलली नव्हती. सरांनी डोळ्यांपुढचं लिहायला सांगितलं होतं आणि मी डोळ्यांपुढची बाई सोडून जपानला गेले होते.

दुसऱ्या दिवशी तिनेच दिलेली अंबाडीची जुडी सोडताना मला दुसरी कविता सापडली.

जुडी सोडली
बोटांना चिकटला
शेताचा वास

ही ऐकल्यावर तिने चहाची बशी खाली ठेवली. स्वतःची बोटं नाकाशी नेली. “हे खरं हाय,” म्हणाली. मला पुढे कोणी काही म्हटलं तरी त्या तीन शब्दांची सर आली नाही. मराठीचे सर माझ्या कविता फोनवरच्या त्यांच्या मंडळींना पाठवायचे आणि तिकडून जोडलेल्या हातांची चित्रं यायची. माय हात जोडत नव्हती. ती चुका काढायची. आमच्याकडे थंडी कडक पडते, सकाळी बाजारात टायर नाहीतर लाकडं पेटवून सगळे भोवती बसतात, मराठी, तेलुगू, हिंदी बोलणारे. त्यावर मी लिहिलं होतं की शेकोटीपाशी तीन भाषा बसल्या, एकच थंडी. सरांनी वा वा केलं. माय म्हणाली, “थंडी तं पांघरून घेतलं की कमी होते. धूर पाह्य. धूर सगळ्याइच्या डोळ्यात सारखाच जाते.” मी थंडी खोडून धूर घातला.

शेकोटीपाशी
तीन भाषा बसल्या
एकच धूर

अशी माझी माय होती. अंगठा उठवणारी बाई, आणि मी लिहिलेल्या प्रत्येक कवितेत तिचा हात. लोकांच्या आया मुलींना दागिने देतात. मला मायने ऋतू दिले, आणि मी त्याची ऐट मिरवते.

मागच्या थंडीत ताप आला आणि चार दिवसांत ती गेली.

वर्षश्राद्धाच्या आठवडाभर आधी दादा दुकानात आला. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. आमच्यात वर्षश्राद्धाला सोयऱ्यांना, शेजाऱ्यांना भांडं वाटतात. त्याला झाकणाचे एकावन्न डबे पाहिजे होते. चिठ्ठी लिहून आणली होती. वर मायचं नाव, खाली ‘यांच्या स्मरणार्थ’, त्याखाली दादाचं नाव आणि त्याच्या दोन मुलांची नावं. मी चिठ्ठी दोनदा वाचली. मजकूर काही लांब नव्हता. तोडण्यासारखं काहीच नव्हतं.

“दादा, माझं नाव?”

तो खरंच गोंधळला. “तू तं आता या घरची ना. लेकीचं नाव कोन टाकते?”

“नावं मी टाकते! सगळ्या गावाची मी टाकते, माझ्या हातानं!”

“मंग तुलेच ठाऊक आसंन,” दादा शांतपणे म्हणाला. “टाकलं कधी कोनाच्या लेकीचं?”

वीस वर्षांत शेकडो मेलेल्या आयांची नावं मी कोरली. त्यांच्या खाली मुलगे, नातू, एका डब्यावर तर जावईसुद्धा. लेक एकदाही नाही. आणि मला ते कधी खटकलं नव्हतं, उलट अक्षरं कमी झाली म्हणून बरंच वाटलं असेल. दादा गेला. मी काउंटरवर डोकं टेकून रडले. मायच्या डब्यांवर आपण असावं एवढंच मला हवं होतं, आणि ते मागायला माझ्याकडे तोंड राहिलं नव्हतं.

मामाजी सगळं ऐकत होते. म्हणाले, “सूनबाई, टाक तुयं नाव. दुकान आपलं, मशीन आपलं. कोन रोकते?”

मला मोह झाला. पण मग दादा पाहुण्यांपुढे भडकला असता, मी त्याहून भडकले असते, आणि मायच्या दिवशी आमची भांडणं लोकांनी जिलेबीसारखी चवीने खाल्ली असती. मी नाही म्हटलं. बाहेरून सगळं दादाच्या चिठ्ठीप्रमाणे कोरलं, एक काना इकडचा तिकडे केला नाही. मग झाकणं उलटी केली. झाकणाच्या आतल्या अंगाला जागा असते आणि तिथे कोणीच काही लिहीत नाही.

तीन दिवस मी तीन ओळी शोधत होते. आठ-दहा पुठ्ठे फुकट गेले. एकात मायची पुण्याई आली, एकात आभाळ आलं. प्रत्येक वेळी पायरीवरून आवाज आल्यासारखा वाटायचा, “हे कुठं पाह्यलं तुनं?” शेवटी मी बाजारात गेले आणि तिची जागा असायची तिथे उभी राहिले. तिथे आता दुसरी बाई मेथी घेऊन बसते. ती चहाला गेली होती. मी दुकानात परत आले आणि मशीन सुरू केलं.

ओलं फडकं
भाजीवर झाकून
माय निघाली

एकावन्न झाकणांवर हे कोरलं. एकदाही हात चुकला नाही. एकावन्नावं झाकण मामाजींनी हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. “आता नावाची गरज नाई,” म्हणाले. “हे तुयं दस्तखत हाय.” मामाजी कधी कौतुक करत नाहीत. मी तोंड फिरवून फडक्याने काउंटर पुसत बसले.

वर्षश्राद्धाच्या दिवशी जेवणं झाली आणि दादा डबे वाटायला लागला. मी मुद्दाम वाढपाच्या बाजूला उभी होते. पुरुषांनी डबे घेतले आणि काखेत मारले. वांगेवाली मावशी मात्र बाजारातली बाई. कोणतंही भांडं घेताना ती टिचकी मारणार, झाकण काढणार, आत बघणार. तिने झाकण काढलं.

“याच्यात काय लिवलं हाय रे बापू?” तिने दादालाच विचारलं.

दादाने झाकण घेतलं. त्याला वाटलं कंपनीचा छाप असेल. मोठ्याने वाचायला लागला. दोन ओळी वाचल्या. तिसरी त्याला वाचता येईना. माय हा शब्द आला आणि त्याचा आवाज गेला. मग एकेका काखेतून डबे निघाले, झाकणं उघडली गेली, वाचता येणाऱ्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवलं. तेलुगू शेजाऱ्यांना कोणीतरी तेलुगूत सांगितलं.

“फडकं झाकून गेली म्हंजे येते ती,” मावशी म्हणाली आणि पदर डोळ्याला लावला. “कोनं लिवलं हे?”

“पोरीनं,” मागून एक बाई म्हणाली. “दुसऱ्या कोनाचं हाय असं अक्षर?”

मी तिथे मान ताठ करून उभी होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण मान मी खाली घातली नाही. दादा माझ्याकडे बघत होता. मग तो उरलेले डबे वाटायला वळला.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला. हातात त्याच्या घरचा डबा होता. तो स्टुलावर बसला, चहा घेतला, भाव विचारावा तसं विचारलं, “बाहेरचं पुसता येते काय?”

“स्टीलवरचं पुसल्या जात नाही, दादा.”

“मंग तिथं तुयं नाव बसंन काय?”

मी डबा फिरवून पाहिला. मीच मापून कोरलं होतं, बोटभरही जागा सोडली नव्हती. तसं सांगितलं. त्याने डबा माझ्या हातातून घेतला आणि पालथा केला. “इथं तं हाय,” म्हणाला.

मशीन लावलं आणि मी थांबले. “कोणतं टाकू? माहेरचं की सासरचं?”

“माय हाक मारे ते.”

वीस वर्षं मी गावाची नावं कोरली, पण माझं स्वतःचं ही पहिलीच वेळ होती. पहिलं अक्षर जरा वाकडं आलं. दादाने ते अंगठ्याने चाचपलं आणि डबा पिशवीत घातला. ते नाव मी इथे सांगणार नाही. ते एकाच डब्याच्या बुडाला आहे, आणि त्या डब्यात वहिनीने तुरीची डाळ भरली आहे.