गायत्रीचा संताप

लिंबायतच्या त्या गल्लीत गायत्रीला सगळे भांडकुदळ म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि ते ऐकलं की ती आणखी भांडायची. लग्न होऊन आली तेव्हा ती अशी नव्हती. पण नवरा योगराज कुठेच टिकेना. एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर दोरा तुटलेला असायचा आणि हा पलीकडच्या मशीनची गंमत बघत उभा. कापड वाया गेलं की मालक हाकलायचा. दूध गॅसवर ठेवून खाली उतरायचा आणि कोपऱ्यावर कुणाची तरी बंद पडलेली मोटारसायकल खोलून बसायचा. शेवटी भाड्याची रिक्षा चालवू लागला, तीही दोनदा ठोकली.

सासरे भाईदास कापडाच्या लूमच्या कारखान्यात मुकादमी करून घरी बसलेले. त्यांचं एकच पालुपद, "बाई खमकी ऱ्हाती तं पोऱ्या सुधरी जाता."

एकदा कामरेजला नात्यात लग्न होतं. गायत्रीला साड्यांच्या पॅकिंगच्या कामावरून सुटी मिळेना, म्हणून योगराज लहानग्या दिपालीला घेऊन रिक्षाने गेला. परतताना हायवेवर रसवंतीजवळ थांबला, पोरीला बाकावर बसवलं आणि रस सांगायला वळला. तेवढ्यात धर्मेंद्र नावाचा मित्र दिसला. त्याची गाडी बंद पडली होती. योगराजने त्याला रिक्षात घातलं, मेकॅनिककडे सोडलं आणि तिथून थेट घरी आला.

"दिपाली कुठेय?" गायत्रीने विचारलं.

योगराज पुन्हा रिक्षाकडे पळाला, गायत्री त्याच्या मागे.

रसवंतीवाल्याच्या बायकोने रडून रडून दमलेल्या पोरीला मांडीवर घेतलं होतं. गायत्रीने पोर उचलली आणि रस्त्यावर, सगळ्यांदेखत, नवऱ्याच्या कानाखाली वाजवली. "माणूस आहेस की जनावर?" त्याला 'अहो' सोडून ती पहिल्यांदाच बोलली होती.

त्यानंतर तिचं डोकं सारखं ठणकू लागलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ब्लडप्रेशर मोजलं, घरचं विचारलं आणि म्हणाल्या, "तुमच्या मिस्टरांना घेऊन या." त्यांनी योगराजला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या डॉक्टरांनी बालपण विचारलं.

"दप्तर विसरायचो," योगराज म्हणाला. "आप्पा लूमच्या पट्ट्याने मारायचे. मार खातानाही माझं ध्यान खिडकीबाहेर जायचं. मला वाटायचं, मी मुळातच नालायक."

"याला एडीएचडी म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "लक्ष एका जागी धरून ठेवणं मेंदूला जड जातं. लहानपणापासून असतं, पण मोठ्या माणसात कुणी ओळखत नाही. गोळ्या आहेत. सवयीही बदलाव्या लागतील."

योगराज ढसाढसा रडला. गायत्रीच्या डोळ्यात टिपूस नाही. तिला भयंकर राग आला होता. इतकी वर्षं साठवलेला संताप आता कुठे ओतायचा? आजाऱ्यावर ओरडणारी बाई म्हणून उद्या तीच वाईट ठरणार!

घरी भाईदासांनी गोळ्यांची पाकिटं उचलली आणि खिडकीतून गटारात फेकली. "मना पोऱ्या येडा नई! हाई बाईनीच त्याले येडा करं!"

योगराज खाली मान घालून उभा होता. गायत्री उठली.

"पट्ट्याने सोलून काढलंत, तेव्हा कोण वेडं होतं आप्पा?" ती म्हणाली. "त्याला माणसातून उठवायला तुम्ही सुरुवात केलीत. पुढचं मी केलं. आता गोळ्यांना हात लावलात तर याद राखा."

"निंघ मना घरमाईन!"

ती दिपालीला घेऊन निघाली, मागोमाग योगराजही. आधी ओळखीच्यांकडे राहून, महिना संपायच्या आत दोघांनी भेस्तानला एक खोली भाड्याने घेतली.

गोळ्या सुरू झाल्या. योगराज मोबाइलवर गजर लावायला शिकला, गॅस पेटवला की तिथून हलायचा नाही. रिक्षा पुन्हा ठोकली नाही. विसरणं पुरतं गेलं नाही, पण कमी झालं. गायत्रीचं ओरडणंही तेवढंच कमी झालं, त्याहून जास्त नाही.

एका रविवारी त्याने विचारलं, "दिपालीला बागेत नेऊ?"

"नाही."

"मी मुद्दाम नव्हतं केलं, गायत्री. डॉक्टरांनी सांगितलं ना तुला."

"मला कळलंय. तरी नाही."

तो चपला घालून दारातच उभा राहिला. त्याने आवाज चढवला नाही, घरातही परतला नाही. दिपाली एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत होती. शेवटी गायत्रीने ओढणी घेतली.

"तिघं जाऊ. आणि तिचा हात मी धरणार."