आधी थुंकायला लावा

समोरचा माणूस हसला की त्याच्या ओठांची दोन्ही टोकं सारखी वर गेली का हे आधी तपासणारा आणि मगच स्वतः हसणारा माणूस उभ्या भंडारा जिल्ह्यात एकच होता. तो म्हणजे आमच्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर. मी तिथे मुख्य परिचारिका. कशाचीही यादी करून ती तडीस न्यायची माझी सवय, पण डॉक्टरांना आवरणं काही कोणत्या यादीत बसलं नाही.

लकवा वेळेत ओळखायला शिकवणं हा त्यांचा ध्यास होता. रुग्ण आमच्याकडे यायचा तिसऱ्या दिवशी, गावठी उपाय म्हणून अंगाला कबुतराचं रक्त फासलेला, घरच्यांनी पाजलेला चहा छातीत उतरलेला. "दवाखान्यात ओळखून काय उपयोग, बाई? खाटेपाशीच ओळखला पाहिजे," असं म्हणून त्यांनी जीपचा ड्रायव्हर, शिपाई आणि आरोग्यसेवक यांचा शनिवारचा वर्ग काढला. माझ्याकडून पुठ्ठ्यावर चार ओळी लिहून घेतल्या: हसायला सांगा. दोन्ही हात वर करायला सांगा. बोलतं करा. तोंडात काही घालू नका, कुशीवर निजवून आणा. मग पोस्टमन, भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, कुणीच सुटलं नाही. एका लग्नात त्यांनी नवरदेवाला हात वर करायला लावले, तर वऱ्हाडाला तो विधीच वाटला आणि अख्ख्या मांडवाने हात वर केले.

घोडं अडलं ते खर्र्यापाशी. आमच्याकडे निम्म्या पुरुषांच्या एका गालात सुपारी-तंबाखूचा हा लगदा कायम भरलेला. तोंड वाकडं, बोलणं बोबडं. चाचणी घेतली की सगळा वर्गच लकव्याचा निघायचा. त्यात सगळ्यांत ढ आमचा ड्रायव्हर, नदीपलीकडच्या कारध्याच्या मासेमारी करणाऱ्या घरातला.

"अरे, आधी थुंक."

"आत्ताच त घातला, साहेब. कायले वाया घालवता?"

शेवटी डॉक्टरांनी पुठ्ठ्यावर सगळ्यांत वर पाचवी ओळ लिहायला लावली: आधी थुंकायला लावा.

एका सकाळी आम्ही एकोडीला लसीकरणाला निघालो. ड्रायव्हर काहीतरी बोबडं बोलला. "थुंक आधी," डॉक्टर खेकसले. गियर पडेना, तेव्हा त्यांनी गियरबॉक्सचा उद्धार केला. जीप वेडीवाकडी जात होती. चाकात हवा कमी असेल, असं मी मागे बसून वहीत टिपलंसुद्धा. टपरीवर थांबल्यावर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने चहाची बशी त्याच्या तोंडाला लावली. "घे, तोंड मोकळं कर."

चहा ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर सांडला. मग ठसका लागला, तो थांबेचना. डॉक्टरांनी त्याच्या गालात बोट घातलं. गाल रिकामा होता.

भंडाऱ्यापर्यंत जीप डॉक्टरांनीच चालवली. ड्रायव्हर मागे कुशीवर, त्याचं डोकं माझ्या मांडीवर. छाती भरली होती, तरी तो वाचला. डावा हात मात्र गेला तो गेलाच. पुढच्या शनिवारी डॉक्टर पुठ्ठ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हा काढून टाका, बाई. शिकवणाऱ्यालाच येत नाही." वर्ग बंद झाला. पुठ्ठा काढायचं काम माझ्या यादीत राहिलं, आणि माझी बदली झाली तरी ते तसंच होतं.

निवृत्तीनंतर डॉक्टर भंडाऱ्यात राहिले. रोज पूल ओलांडून कारध्याला ड्रायव्हरच्या अंगणात जाऊन बसतात, असं कानावर आलं, म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी गेले. दोघे एकाच बाजेवर बसले होते. मला पाहून ड्रायव्हर अर्ध्या तोंडाने हसला.

"बाई, खर्रा सुटला माया. तोंडात ठरतच नाई. साहेब जिंकले."

डॉक्टर हसले नाहीत. "दोन्ही हात वर," ते म्हणाले.

उजवा गेला. डावा मांडीवरच पडून राहिला. डॉक्टरांनी तो दोन्ही हातांनी हळूच उचलला, खांद्याच्या वर नेला आणि तसाच धरून ठेवला.

"आता बराबर हाय का, साहेब?"

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले, आणि बराच वेळ त्यांनी तो हात खाली येऊ दिला नाही.